यावलला डबा किती दिवसांत पोहोचतो?



मागच्या चातुर्मासात माझ्या मोठ्या नणंदेने पुण्याहून सासूबाईंसाठी मेथीचे खाखरे पाठवले. डब्यावर केल्याची तारीख घातलेली. अशा कोरड्या खाण्याचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५, हे तुम्हाला सांगायला नको. डबा तिसऱ्या दिवशी भुसावळला पोहोचल्याचे मोबाईलवर दिसले. तिथून यावल सुमारे २० किलोमीटर. आमच्या दारात तो आला सोळाव्या दिवशी. सासूबाईंनी तारीख वाचली आणि झाकण न उघडताच डबा बाजूला ठेवला. लेकीच्या हातचे खाखरे होते, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून हे २० किलोमीटर माझ्या डोक्यात बसले आहेत. थोडे मागे जाऊन पाहिले, तर दुखणे जुनेच निघाले.

१८५४ साली देशभर एकाच दराचे टपाल सुरू झाले. हलके पत्र अर्ध्या आण्यात कुठेही जाऊ लागले. दर सगळ्यांना सारखा झाला, वेळ मात्र नाही. आडगावची डाक हरकारे पायीच नेत. पुढे रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली ती भुसावळवरूनच. हा मार्ग भुसावळजवळ तापी ओलांडून सावदा, निंभोरा, रावेर करत खंडव्याकडे जातो. म्हणजे रूळ नदीच्या आपल्या काठाला आले खरे, पण यावल गाव बाजूलाच राहिले. हाताने केलेला कागद आणि नीळ यांसाठी एकेकाळी नाव असलेले गाव, पण स्टेशन नाही. (आपली केळी सावदा-निंभोऱ्याहून गाडीत बसून थेट दिल्ली गाठतात. जाणाऱ्या मालाची घाई सगळ्यांना असते, येणाऱ्या डब्याची कोणाला?)

घरातल्या बायकांच्या दृष्टीने मला मोठी वाटते ती १८७७ ची व्ही.पी. वस्तू हातात आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे, म्हणजे आजचे कॅश ऑन डिलिव्हरीच. सासूबाईंच्या माहेरी मुंबईहून धर्माची पुस्तके अशीच येत. पुरुषमाणसे दुकानात, पोस्टमन दारात, म्हणून त्यांची आई व्ही.पी.चे पैसे आठ-आठ दिवस पदराला बांधून ठेवायची. पैसे नसले तर पुस्तक परत जायचे.

१ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एस.टी. धावली. मग हळूहळू गावोगावच्या टपालाच्या थैल्याही एस.टी.त बसल्या. गाडी चुकली की टपाल उद्यावर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले आणि यावल ४२५३०१ झाले. पहिल्या तीन आकड्यांनी थैली जळगावकडे वळते, शेवटच्या तीन आकड्यांनी आपले पोस्ट ओळखू येते. १९८६ ला स्पीड पोस्ट आले. प्रत्येक वेळी सुधारणा झाली ती मुंबई-पुण्यापासून भुसावळपर्यंतच्या वाटेत. शेवटचा टप्पा कोणाच्या तरी सायकलवर, एस.टी.त नाहीतर आता छोट्या टेम्पोत. टेम्पो भरला तर निघणार, पाऊस लागला तर थांबणार.

हे सगळे मी सासूबाईंना सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात खाण्याचं कोणी पाठवतच नव्हतं. पावसाळ्यात फक्त पत्र. खाखरे कार्तिकी पौर्णिमेनंतर. मग महिना हातात असायचा, पोस्टमन चार दिवस उशिरा आला तरी काय?"

मला हे कधी सुचलेच नव्हते. आपल्या आज्या-पणज्यांनी डाकेचा उशीर आधीच हिशेबात धरला होता! आम्ही मोबाईलवर "तीन दिवसांत पोहोचेल" वाचले आणि तो हिशेब सोडून दिला.

नणंदेला फोन केला. तिने पुढचा डबा कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर पाठवला, तारीख घालूनच. नऊ दिवस लागले. सासूबाईंनी चष्मा लावून तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि मला म्हणाल्या, "तूप आण गं."