सेकंडहँड गाडीपासून सुरुवात

खेळ सुरू होतो तेव्हा खात्यात फक्त १०,००० क्रेडिट असतात. एवढ्यात शोरूममधली दमदार गाडी येत नाही, म्हणून पावले आपोआप जुन्या गाड्यांच्या दुकानाकडे वळतात. साल, रंग, किंमत बघता बघता हिशेब सुरू होतो. ही घेतली तर नव्या सायलेन्सरपुरते पैसे उरतील का? की थोडी कमी ताकदीची घेऊन उरलेल्या पैशांत चांगले टायर बसवावेत? पहिली शर्यत अजून लांब असते, आणि खेळाडू मात्र पहिली गाडी घ्यायला निघालेल्या कुठल्याही पगारदार माणसासारखा विचार करू लागलेला असतो.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’ची ही सुरुवात. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी त्यासाठी पाच वर्षे खपले होते. खेळात सुमारे १४० गाड्या होत्या, आणि त्यांत भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला वापरतात तसल्या छोट्या गाड्यांनाही जागा होती. या खेळाच्या पुढे एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. शर्यतीचा खेळ म्हटला की लाल रंगाची, जमिनीला टेकलेली, आवाक्याबाहेरची गाडी पहिल्याच मिनिटाला हाती यायला हवी, ही बहुतेकांची समजूत होती. यामाउचींनी खेळाडूच्या हाती त्याच्या ऐपतीची गाडी दिली आणि तिच्यावर प्रेम करायला शिकवले.

वास्तवदर्शी शर्यत-खेळांतील गाड्यांची निवड आणि त्या खेळांची रचना हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, असे मी मानतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना त्या सेकंडहँड दुकानाच्या दारातूनच आत यावे असे वाटले. इथे अभियंत्याला काम आहे, इतिहासकाराला आहे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आहे आणि साहित्याच्या अभ्यासकालाही आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तर विशेषच, कारण गाड्यांची यादी करणारा माणूस प्रातिनिधिक संग्रह काढणाऱ्या संपादकाचेच काम करत असतो. कोणाला घ्यायचे, कोणाला गाळायचे, कोणाची एकच कविता आणि कोणाच्या दहा, यावरून संपादकाची काव्यदृष्टी कळते. यादीवरून खेळ करणाऱ्यांची मोटारदृष्टी तशीच कळते.

ग्रान टुरिस्मोच्या यादीवरचा जुना आक्षेप घ्या. निस्सान स्कायलाइन जीटी-आर इतक्या वेळा कशाला? आर-३२, आर-३३, आर-३४ या पिढ्या, त्यांतही व्ही-स्पेक, एन-१, व्ही-स्पेक टू या आवृत्त्या. दिसायला जवळजवळ सारख्या. संख्या फुगवण्याचा हा प्रकार आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले. आकडे फुगवण्याचा मोह या मालिकेला झाला, हे मलाही मान्य आहे. २०१० च्या पाचव्या भागात १,००० हून अधिक गाड्या होत्या, पण त्यांतल्या सुमारे ८०० जुन्या भागांतून जशाच्या तशा उचललेल्या होत्या. नव्याने घडवलेल्या दोनेकशे गाड्यांसारखे त्यांचे अंतरंग रेखलेले नव्हते. तरीही स्कायलाइनच्या बाबतीत मी संपादकाच्या बाजूने उभा राहीन. एकाच पोथीची पाच हस्तलिखिते शेजारी ठेवून पाठभेद तपासणाऱ्याला कोणी पुनरुक्तीचा दोष देत नाही. आर-३४ च्या व्ही-स्पेक टूला कार्बन फायबरचे बॉनेट मिळाले, म्हणजे नाकावरचे वजन घटले. ते का घटवावेसे वाटले, याचे उत्तर आधीची गाडी त्याच ट्रॅकवर चालवल्याशिवाय कळत नाही. या यादीने आणखी एक गोष्ट केली. आर-३४ अमेरिकेत निस्सानने कधी विकलीच नाही. तिथल्या एका पिढीला ती ओळखीची झाली त्यात या खेळाचा वाटा मोठा आहे. आणि २००७ साली निस्सानने नवी जीटी-आर आणली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरच्या माहिती-पडद्याची रचना ग्रान टुरिस्मो करणाऱ्या पॉलिफनी डिजिटलनेच केली. गाडीवरून खेळ झाला होता, आता खेळावरून गाडीचा एक भाग झाला.

यादीत काय नाही, हेही वाचायला शिकावे लागते. वर्षानुवर्षे ग्रान टुरिस्मोत पोर्शे नव्हती. पोर्शेच्या गाड्या खेळांत वापरण्याचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सकडे होते आणि ती व्यवस्था २०१६ अखेरपर्यंत चालली. मधल्या काळात त्या जागी रूफ या जर्मन कंपनीच्या गाड्या आल्या. रूफ पोर्शेचे सांगाडे घेऊन स्वतःच्या गाड्या बांधते आणि जर्मनीत तिला स्वतंत्र उत्पादक म्हणून मान्यता आहे. त्यामुळे परवाना थेट तिच्याकडून घेता आला. परवान्यातल्या एका अडचणीने बव्हेरियातली छोटीशी कार्यशाळा जगभरच्या मुलांच्या तोंडी नेऊन ठेवली. संग्रहात एखादा मोठा कवी दिसला नाही की आधी संपादकाच्या अभिरुचीवर बोट ठेवू नये, हक्कांची चौकशी करावी, हे इथेही लागू आहे.

संख्येच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९९८ चा ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्‌स’ उभा आहे. पपायरस या अमेरिकी मंडळींनी तो केला. गाड्या फक्त सात, आणि हंगाम एकच, १९६७ चा. दोन कंपन्यांची नावे वापरता आली नाहीत म्हणून होंडाची गाडी ‘मुरासामा’ झाली आणि कूपरची ‘कोव्हेंट्री’. १९६७ च का? कारण फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पंख येण्याआधीचे ते शेवटचे वर्ष. तीन लिटरचे इंजिन, अरुंद टायर, आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारा हवेचा भार जवळजवळ नाही. अशा गाडीत चालकाच्या चुकीवर पांघरूण घालणारे काहीच नसते. त्या सातांतली लोटस ४९ घेऊन जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी आडवी होते. पहिल्या दिवशी एक फेरी पुरी झाली तरी लोक खूश होत. शोरूममध्ये सातशे गाड्या ठेवणे ही एक विद्वत्ता, सात गाड्या घेऊन एकेकीच्या मुळाशी जाणे ही दुसरी. माझा स्वतःचा कल दुसरीकडे आहे, पण पहिली नसती तर मी या विषयाकडे आलोच नसतो.

आता यादी बाजूला ठेवून एक वळण जवळून पाहू. जपानमधला त्सुकुबा हा दोन किलोमीटरचा छोटा ट्रॅक, आणि माझदाची युनोस रोडस्टर, दोन आसनी, हलकी, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. सरळ पट्ट्यानंतर गाडी जवळजवळ उलटी फिरवणारे वळण येते. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, पुढचे टायर जमिनीवर दाबले जातात आणि त्यांची पकड वाढते. मागचे तेवढेच हलके होतात. ब्रेक एकदम सोडला तर पुढची वाढलेली पकड नेमकी वळायच्या क्षणी निघून जाते आणि गाडी नाक बाहेर काढत सरळ जाऊ लागते. म्हणून ब्रेक हळूहळू सोडत, त्याच वेळी स्टिअरिंग हळूहळू वळवत आत शिरायचे. फोर्स फीडबॅकचे, म्हणजे टायरवरचा जोर हातांपर्यंत पोचवणारे, चांगले स्टिअरिंग असेल तर इथे हातांना एक विलक्षण गोष्ट कळते. वळवू तसतसे स्टिअरिंग जड होत जाते, आणि टायरची पकड संपायच्या जरा आधी ते किंचित हलके होते. रबर जमिनीला जिथे टेकते तिथला जोर सुरुवातीला चाकाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो, म्हणून चाक सरळ व्हायला ओढते. घसरण जवळ आली की तो जोर मध्याकडे सरकतो आणि ओढ कमी होते. डेल्फ्ट विद्यापीठातील हान्स पासेयका यांनी टायरचे हे वर्तन ज्या सूत्रात बसवले, त्याला लोक ‘जादूचे सूत्र’ म्हणतात. डोळ्यांना अजून काही दिसलेले नसते आणि तळहातांना कळलेले असते की आता आणखी वळवू नये.

ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही, नुसता कंट्रोलर आहे, त्याचे काय? खेळाची रचना या नावाखाली जे काही येते, त्यातले निम्मे या एका प्रश्नाची उत्तरे आहेत. टायर किंचाळण्याचा आवाज खेळात मुद्दाम लवकर आणि मोठा ऐकू येतो, कारण हातांचे काम कानांवर सोपवलेले असते. रस्त्यावर आखलेली रंगीत रेषा ब्रेक कुठे दाबायचा ते सांगते. सराव झाला की ती बंद करावी, नाहीतर माणूस रस्ता पाहायचे सोडून रेषाच पाहतो.

चालकाच्या चुकीचे काय करायचे, यावर मात्र या क्षेत्रात खरे मतभेद आहेत. २००८ साली कोडमास्टर्सच्या ‘ग्रिड’ने काळ मागे नेण्याची सोय दिली. गाडी भिंतीवर आदळली तर काही सेकंद मागे जाऊन तेच वळण पुन्हा घ्या. पुढच्याच वर्षी फोर्झा मोटरस्पोर्टच्या तिसऱ्या भागानेही ती स्वीकारली. गाणे शिकताना गुरू तीच तान पुन्हा घ्यायला लावतात, तशी ही सोय आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ती चांगली आहे असे माझे मत आहे. याच्या नेमके उलटे ‘आयरेसिंग’चे. पपायरसचे डेव्हिड केमर यांनीच पुढे हा खेळ उभा केला आणि २००८ मध्ये तो खुला झाला. तिथे शर्यत मुख्यतः खऱ्या माणसांशी, त्यामुळे मागे जाणे नाही. रस्ता सोडला की १ गुण, ताबा सुटला की २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात की ४, आणि धडकेत चूक कोणाची हे यंत्र विचारत नाही; दोघांच्याही नावावर गुण चढतात. नवख्याला हा अन्याय वाटतो. मलाही वाटला होता. पण महिनाभर खेळल्यावर लक्षात आले की मी समोरच्याच्या चुकीसाठीही जागा सोडून गाडी चालवू लागलो आहे. ज्याने मुंबई–पुणे जुन्या घाटात समोरून येणारा ट्रक पाहिला आहे त्याला या नियमाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नुकसानीचा प्रश्न याला लागूनच येतो. पहिल्या चार ग्रान टुरिस्मोंमध्ये भिंतीवर आदळूनही पत्र्याला पोचा पडत नसे. भौतिकशास्त्र इतक्या काळजीने लिहिणाऱ्या खेळात हे खटकते. त्याचे फळही दिसते: वळणावर ब्रेक न लावता शेजारच्या गाडीला टेकून वळणारे खेळाडू या मालिकेने भरपूर घडवले.

संग्रहालयाचा विचारही या मालिकेत दिसतो. २००४ च्या चौथ्या भागात १८८६ ची डाइमलरची मोटारगाडी चालवता येते. सायकलस्वार तिला सहज मागे टाकील. शर्यतीत तिचा काडीचा उपयोग नाही आणि मला ती यादीतली सर्वांत धाडसी निवड वाटते. २०२२ च्या सातव्या भागात हा विचार कॅफेच्या रूपाने पुढे आला. तिथे मेनू म्हणून गाड्यांचे गट मिळतात आणि गट पुरा झाला की त्या गाड्यांची कहाणी ऐकायला मिळते. पहिल्याच मेनूत टोयोटा अक्वा आणि माझदा डेमिओबरोबर होंडा फिट आहे. आपण तिला जॅझ म्हणून ओळखतो. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी असेल. जगभरच्या खेळाडूंना मोटारीचा इतिहास सांगायला बसलेल्या माणसाने सुरुवात तिच्यापासून केली.

इथून मराठी अभ्यासकाला स्वतःची वाट काढता येईल. उद्या कोणी पुण्या-मुंबईत बसून अशी यादी केली तर तिच्यात काय असेल? कुर्ल्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी घ्यायचीच. २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणूनही मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. कंट्रोलरच्या बटणातून त्याचा ढिला, अंदाजाने सापडणारा खटका कसा द्यायचा? माल भरलेला टाटा ४०७ खंडाळा उतरताना ड्रायव्हर खालचा गिअर टाकून इंजिनानेच वेग धरतो, ब्रेक तापू देत नाही. या कौशल्याची परीक्षा कशी रचायची? सेकंदांवर, की खाली पोचल्यावर ब्रेक किती गार राहिले यावर?

असे प्रश्न घेऊन जो येईल त्याने आधी एक करावे. साधी, कमी ताकदीची गाडी निवडावी. एक छोटा ट्रॅक घ्यावा. मदतीची रंगीत रेषा बंद करून दहा फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर एकाच वळणाबद्दल एक वाक्य वहीत लिहावे. मग तेच वळण, त्याच गाडीने, दुसऱ्या खेळात.