नाण्यावरील एक अक्षर

इतिहासाच्या साधनांत नाण्याइतका मितभाषी साक्षीदार विरळा. पोर्तुगालच्या मध्ययुगीन नाण्यांवर तर सालही नसे. दोन ठशांमध्यें धातूची चकती ठेवावयाची आणि वरून हातोड्याचा घाव घालावयाचा, अशी नाणें पाडण्याची त्या काळीं रीत होती. घाव तिरकस बसला कीं छाप एका बाजूस सरके आणि कडेचीं अक्षरें नाहींशीं होत. अशा नाण्याचा काळ ठरवावा कसा? राजा पहिला फर्नांदो याच्या नाण्यांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

इ. स. १३६९ मध्यें शेजारच्या कास्तीलचा राजा पेद्रो याचा त्याचा सावत्र भाऊ एन्रीके यानें वध केला. फर्नांदो हा कास्तीलच्या चौथ्या सांचोचा पणतू. त्या नात्यानें त्यानें सिंहासनावर हक्क सांगून युद्ध आरंभिलें. ला कोरुन्या, तुई व सामोरा या कास्तीलच्या शहरांनीं त्याचा पक्ष घेतला, आणि तेथें त्याच्या नांवाचीं नाणीं पडूं लागलीं.

या नाण्यांचे मुख्य प्रकार तीन: बार्बूदा, ग्राव्ह आणि पिलार्त. हीं नांवें फ्रेंच शिपायांच्या लढाऊ सरंजामावरून पडलीं, असें बखरकार फेर्नांव लोपिश सांगतो. बार्बूदावर शिरस्त्राण घातलेला राजा दिसतो. ग्राव्हवर निशाणाचा भाला असतो. चित्रावरून प्रकार कळला, कडेच्या लॅटिन लेखावरून राजा कळला, तरी वर्गीकरण पुरें होत नाहीं. टांकसाळीचें अक्षर शोधावें लागतें. लिस्बनचें अक्षर असेल तर नाणें फर्नांदोच्या कारकीर्दींतलें, एवढेंच त्यावरून ठरतें. परंतु सामोराचें वा ला कोरुन्याचें असेल, तर काळ एकदम आंखडतो. कारण १३७१ च्या आल्कोतींच्या तहानें फर्नांदोनें तो हक्क सोडला व तीं शहरें गेलीं. म्हणजे असें नाणें १३६९ ते १३७१ या अवधींतलेंच. तें दुर्मिळ कां, हेंही यावरून उमगतें. म्हणूनच झिजलेलें अक्षर घाईनें वाचूं नये. स्पष्ट छापाच्या दुसऱ्या नाण्याशीं तें ताडून पाहावें.

या युद्धाचा भार प्रजेवर पडला. नाण्यांत चांदी थोडी आणि तांबें फार, पण ठरविलेली किंमत मात्र मोठी. महागाई वाढली, आणि शेवटीं राजालाच ती किंमत उतरवावी लागली.

नाणें पाडणें म्हणजे सत्ता जाहीर करणें. १५१० मध्यें गोवें जिंकतांच आल्बुकेर्कनें तेथें नाणीं पाडलीं, तीं याच हेतूनें. गोव्यांत ती सत्ता शतकानुशतकें टिकली. सामोरांत ती दोन वर्षांत मावळली. पण तिची साक्ष त्या लहानशा अक्षरांत राहिली आहे.