अंगण परत मिळवणारी माणसे : ‘बालहत्या थांबवा’ ते वोनएर्फ

१/
नेदरलँड्स म्हटले की सायकली, कालवे आणि घरासमोरच्या रस्त्यावर निर्धास्त खेळणारी मुले डोळ्यांसमोर येतात. हे सारे डच स्वभावातच होते, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

२/
महायुद्धोत्तर समृद्धीचे हे फळ होते. १९६० च्या सुमारास देशात मोटारी होत्या जेमतेम पाच लाख. दहा वर्षांत त्या वीस लाखांपलीकडे गेल्या. रस्ते मात्र जुनेच राहिले. ॲमस्टरडॅममधील ‘डे पाइप’ ही वस्ती एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली : अरुंद गल्ल्या, खेटून असलेली विटांची उंच घरे, अंगण नावालाही नाही. पोरांना खेळायला गल्ली तेवढी होती आणि तीच मोटारींनी व्यापली. नगररचनाकारांना यात वावगे दिसत नव्हते. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी तज्ज्ञाने तर शहराच्या गाभ्यापर्यंत महामार्ग नेण्याची आणि त्यासाठी जुन्या वस्त्या पाडण्याची योजना मांडली होती. ती बारगळली, हे शहराचे नशीब.

३/
१९७२ मध्ये डच दूरचित्रवाणीने डे पाइपमधील मुलांवर एक माहितीपट केला. मुले सह्या गोळा करतात, आपली गल्ली वाहनांना बंद करू पाहतात आणि चिडलेल्या मोटारवाल्यांशी हुज्जत घालतात. नागरी चळवळींच्या इतिहासात इतके लहान कार्यकर्ते क्वचितच आढळतील.

४/
त्याच वर्षी फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने ‘डे टाइड’ या दैनिकात एक लेख लिहिला. त्याची सहा वर्षांची मुलगी आदल्या वर्षी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडून दगावली होती. लेखात त्याने पालकांना दबावगट स्थापन करण्याचे आवाहन केले आणि त्याचे नावही सुचवले : ‘स्टॉप डे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’.

५/
या नावापाशी थोडे थांबायला हवे. अपघाताला डच भाषेत ‘ओंगेलुक’ म्हणतात. ‘गेलुक’ म्हणजे भाग्य. त्याच्या उलट ते ‘ओंगेलुक’. दुर्भाग्याला कोणी जबाबदार नसतो, हत्येला असतो. बेसावध आईबाप किंवा रस्त्यात धावलेले मूल यांच्याकडे रोखलेले बोट लांगेनहॉफने एका शब्दात वळवले आणि रस्ता बांधणाऱ्या, तो मोटारींच्या हवाली करणाऱ्या व्यवस्थेकडे नेले. शब्द कठोर होता, अनेक सभ्य चालकांवर अन्याय करणाराही होता. तरीही सौम्य नावाने हे काम झाले असते, असे वाटत नाही.

६/
चळवळीची पहिली अध्यक्ष मार्टये फान पुटेन. तेव्हा ती ॲमस्टरडॅममध्ये राहणारी एक तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेची सदस्य झाली. कार्यकर्त्यांनी अपघातप्रवण जागा अडवल्या, सायकल मोर्चे काढले. ठरावीक दिवशी गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला मोकळ्या केल्या. भर रस्त्यात टेबले मांडून पंगतीही उठवल्या. पंतप्रधान योप डेन अउल यांच्या घरी जाऊन गाणी म्हटली आणि मागणी मांडली. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने मोटारमुक्त रविवार जाहीर केले, तेव्हा तर साऱ्या देशानेच निःशब्द रस्ता कसा असतो ते अनुभवले.

७/
संतापाला आराखड्याची जोड मिळाली ती ‘वोनएर्फ’मुळे. ‘वोन’ म्हणजे राहणे, ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतीचे आवार. मराठीत सरळ ‘राहते अंगण’ म्हणावे. हा शब्द रुजवला निक डे बूर या नगररचनाकाराने. प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोग झाले डेल्फ्टमध्ये. रहिवाशांनी रातोरात फरसबंदी उखडून रस्ता वाकडा केला, अशी एक रंजक कथा सांगितली जाते. परंतु योस्ट वाल या अभियंत्याने तिथे चिकाटीने केलेले काम अधिक मोलाचे आहे.

८/
कल्पनेचा गाभा असा : वेगमर्यादेच्या पाटीवर विसंबू नये, रस्ताच असा घडवावा की वेगाने जाणे अवघड व्हावे. पदपथ आणि रस्ता यांतील कठडा काढून सारे एका पातळीवर आणायचे. सरळ रेष मोडायची. मध्येच झाड, बाक, फुलांची कुंडी, उंचवटा. मोटार उभी करायची ती आखलेल्या जागीच. समोरचे दूरवर दिसेनासे झाले की चालकाचा पाय आपोआप आवरतो. आणि नागमोडी गल्लीतून जाण्यात वेळ वाचत नसल्याने, केवळ जवळची वाट म्हणून घुसणारी परकी वाहनेही फिरकेनाशी होतात.

९/
१९७६ मध्ये वोनएर्फला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. वाहनाने पावलांच्या गतीने जायचे. पादचारी रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर चालू शकतो. मुलांना तिथे खेळण्याचा हक्क आहे. तोवर कायद्याच्या लेखी रस्त्यावर खेळणारे मूल हा अडथळा होता.

१०/
मर्यादाही लवकर उघड झाल्या. प्रत्येक गल्ली खणून नव्याने रचणे खर्चिक होते आणि रचनेच्या अटी जाचक. त्या १९८८ मध्ये सैल कराव्या लागल्या. म्हणून १९८३ पासून ताशी ३० किलोमीटरचे विभाग सुरू झाले. त्यांत पाटी लावणे स्वस्त, पण रस्ता रुंद व सरळच राहिला तर चालक तिला जुमानत नाहीत, हा जुनाच धडा नव्याने गिरवावा लागला.

११/
२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या चौदा होती. हे सारे श्रेय वोनएर्फला देणे इतिहासाला धरून होणार नाही. मद्यपी चालकांवरील मर्यादा १९७४ ची, आसनपट्ट्याची सक्ती १९७५ ची. वैद्यकीय उपचार सुधारले, स्वतंत्र सायकलमार्गही झाले. मात्र यांतील बरेच निर्णय घेण्याइतपत राजकीय निकड निर्माण झाली, त्यात त्या अप्रिय नावाचा वाटा मोठा होता.

१२/
पुढे संघटनेने ते नाव सोडून ‘मुलांना प्राधान्य!’ असे नाव घेतले आणि २००० साली ती वाहतूक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेत विलीन झाली. वोनएर्फच्या निळ्या फलकावर आजही एक घर, माणसे आणि चेंडू खेळणारे मूल दिसते. मोटारही आहे, आकाराने बरीच लहान.