नैसर्गिक निवड आणि 'अनिष्ट' गुण : सिकलसेलच्या संशोधनाचा इतिहास

चार्ल्स डार्विन ह्यांचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त १८५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जगण्यास अपायकारक असे जे काही असेल ते निसर्ग पिढ्यान्‌पिढ्या दूर सारतो, असा त्याचा अर्थ सर्वसामान्यपणे घेतला गेला. त्यातूनच एक प्रश्न उपस्थित झाला. असे असेल, तर मनुष्यजातीत प्राणघातक आनुवंशिक व्याधी अद्याप कशा टिकून आहेत? ह्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर सिकलसेल ह्या रक्तविकाराच्या अभ्यासातून मिळाले.

ह्या प्रश्नाचा काही भाग शब्दयोजनेतूनच उद्भवलेला आहे. 'निवड' म्हटली की निवडणारा कोणी गृहीत धरला जातो. आल्फ्रेड वॉलेस ह्यांनी १८६६ साली डार्विन ह्यांना पत्र लिहून हीच अडचण दाखवून दिली आणि हर्बर्ट स्पेन्सर ह्यांचा 'योग्यतमाचे टिकणे' हा शब्दप्रयोग सुचविला. डार्विन ह्यांनी तो १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. परंतु 'योग्य' ह्या शब्दाने नवा घोटाळा निर्माण केला. मराठीत तर 'निवडणे' म्हणताच सूप, तांदूळ आणि वेचून टाकलेले खडे डोळ्यांपुढे येतात. खडा कोणता आणि दाणा कोणता, हे आधीच ठरलेले आहे, असा समज त्या चित्राबरोबर नकळत येतो.

ह्या समजाचे परिणाम केवळ शाब्दिक राहिले नाहीत. फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी १८८३ साली सुप्रजाशास्त्राला नाव दिले. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने 'अनिष्ट' ठरविलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, आणि १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा तसाच कायदा वैध ठरविला. निसर्गाचे राहून गेलेले काम आपण पुरे करावे, अशी ह्यामागील भूमिका होती. ती नीतीच्या दृष्टीने गैर होतीच, पण गणितातही टिकणारी नव्हती. माता व पिता अशा दोघांकडून जनुक आले तरच जी व्याधी प्रकट होते, ती दहा हजारांत एकास होत असेल, तर तेथे सुमारे दोनशे निरोगी माणसे ते जनुक वागवीत असतात. प्रत्येक रुग्णास अपत्यहीन ठेवले, तरी हे प्रमाण चाळीस हजारांत एक इतके उतरण्यास शंभर पिढ्या लागतील.

हे गणित निवडीची मंद गती दाखविते. सिकलसेलच्या बाबतीत मात्र निवड मंद नसून ती स्वतःच ह्या जनुकाचे रक्षण करीत असल्याचे आढळून आले.

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली जेम्स नील ह्यांनी ह्या विकाराची आनुवंशिकता स्पष्ट केली. ज्याला एका पालकाकडून हे जनुक मिळते तो केवळ वाहक होतो व बहुधा निरोगी असतो. दोघांकडून मिळाल्यास मात्र तीव्र व्याधी जडते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले.

आता कोडे अधिकच बिकट झाले. आफ्रिकेतील रुग्ण बालके बहुधा प्रौढ होण्यापूर्वीच मृत्यू पावत. तरीही पूर्व आफ्रिकेतील काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा ४० पर्यंत होते. जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी भूमध्यसागरी प्रदेशातील थॅलॅसेमिया ह्या दुसऱ्या रक्तविकाराचा संबंध हिवतापाशी असावा, असे अनुमान १९४९ मध्ये मांडले होते. सिकलसेलसंबंधीचा तसा पुरावा अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली पुढे आणला. हे जनुक जेथे विपुल, तेथे हिवतापही तीव्र, असे त्यांना आढळले. आजच्या नीतिनियमांत न बसणाऱ्या एका प्रयोगात त्यांनी लुओ जमातीच्या तीस स्वयंसेवकांना हिवतापाचा संसर्ग घडविला. पंधरा अवाहकांपैकी चौदा जणांच्या रक्तात परोपजीवी वाढले. पंधरा वाहकांपैकी केवळ दोघांच्या.

ह्या समतोलाचा हिशेब सोपा आहे. एखाद्या वस्तीत दर दहा जनुकांमागे एक सिकलसेलचे आहे असे समजू. तेथे जन्मणाऱ्या शंभर बालकांपैकी ८१ अवाहक, १८ वाहक व एक रुग्ण असेल. ते रुग्ण बालक दगावले आणि अवाहकांपैकी नऊ हिवतापाने गेले, तर ७२ अवाहक व १८ वाहक उरतात. त्या नव्वद जणांच्या १८० जनुकांत सिकलसेलची १८ आहेत. म्हणजे प्रमाण पुन्हा दहात एक. सुपातल्या खड्याचे चित्र येथे उपयोगी पडत नाही. एकाच जनुकाची एक प्रत तारक आणि दोन प्रती मारक, आणि हिवताप नाही तेथे ते तारकत्वही नाही.

भारतात हे जनुक १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळले. मध्य भारतातील त्याच्या आढळाचे वृत्त नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. विदर्भ, नंदुरबार आदी भागांतील अनेक कुटुंबांना त्याचा भार आजही वाहावा लागतो. २०२३ साली केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले व २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठरविले. ह्या संदर्भात 'निर्मूलन' हा शब्दही जपून वापरला पाहिजे. निर्मूलन व्हावयाचे ते बालकांच्या वेदनेचे व अकाली मृत्यूचे, वाहकांचे नव्हे. वाहक असल्याचे कळल्यावर मुलीचे लग्न मोडणे किंवा संबंध जमातीला सदोष मानणे, ही तांदूळ निवडण्याचीच दृष्टी होय.

अर्थात, निसर्गाने राखले म्हणून ते इष्ट, असा उलट निष्कर्षही काढता येत नाही. नऊ जणांचा हिवताप आणि एकाचा रक्तविकार ह्यांचा जो मेळ बसतो, त्यात न्याय नाही. दगावलेल्या बालकाला आपल्या भावंडाच्या संरक्षणाचा कोणताही लाभ नाही. नैसर्गिक निवड गुणदोषांचा निवाडा करीत नाही. कोणत्या परिस्थितीत कोणाची संतती अधिक उरली, एवढाच हिशेब तिच्यात होतो. 'अनिष्ट' हा शब्द माणसाचा आहे. म्हणून त्याची जबाबदारीही, आणि रुग्णाच्या शुश्रूषेचे कर्तव्यही, माणसाचेच आहे.