राळ आणि एरंडेल

मल्लखांबाशेजारी दोन डबे असतात. एकात एरंडेल, दुसऱ्यात राळेची पूड. तेल खांबाला चोळायचं. पूड तळहातांना, पावलांना, मांड्यांना. तेल सांगतं सटक, राळ सांगते धर. असे दोन उलटे हुकूम एकाच लाकडावर चालतात, आणि पार्ले-अंधेरीपासून बोरिवली-मुलुंडपर्यंत जी मुलं मल्लखांब शिकतात त्यांना त्यात नवल वाटत नाही. मला वाटतं. मल्लखांबाची कुळकथा माणसांच्या बाजूनं पुष्कळदा सांगून झाली आहे. ती या दोन डब्यांच्या बाजूनं सांगायला हवी.

माणसांची बाजू थोडक्यात अशी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मल्लांच्या मेहनतीत खांबावरचा व्यायामही येतो. पुढे मधली काही शतकं ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिलं. ते कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारलं. आख्यायिका म्हणते की दादांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, तिथे मारुतीनं त्यांना लाकडी खांबावरचे पेच दाखवले, आणि परत येऊन दादांनी अलीला चीत केलं. गुलाबनं कुस्ती खेळायचंच नाकारलं. पेशवाई बुडाल्यावर ही विद्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला गेली, काशीत तिचा आखाडा झाला, शिष्यांनी ती पुढे नेली. दृष्टांत बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते आणि तीच माझ्या कामाची आहे: हा खांब कुस्तीतल्या जोडीदाराच्या जागी उभा राहिला.

म्हणून तर त्याच्या भागांना शरीराची नावं आहेत. खाली अंग, वर निमुळती मान, आणि माथ्यावर बोंड. मानेला पकड घालायची, अंगाला मांडीनं आवळायचं. पण माणसाचं अंग घामानं निसरडं असतं, आणि कोरडं लाकूड तसं नसतं. उघड्या अंगानं त्यावर वेगानं फिरलं तर कातडं सोलून निघतं. लंगोट किंवा जांघिया एवढाच वेष असल्यामुळे छाती, काख, मांडीची आतली बाजू, सगळं लाकडाला भिडतं. तेव्हा तेल हवंच.

पण एरंडेलच का? कोकणातल्या घरात खोबरेल हाताशी असतं, देशावर तीळ आणि करडई. ही तेलं पातळ आहेत. दाब आला की त्वचा आणि लाकूड यांच्यामधून ती चटकन निघून जातात. एरंडेल त्यांच्याहून सुमारे दहापट दाट असतं. त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. त्याचा बहुतेक भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो, आणि त्या आम्लाच्या साखळीवर इतर खाद्यतेलांत नसणारा हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात, लाकडालाही धरतात. शिवाय जवसाच्या तेलासारखी वाळून त्याची कडक साय होत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच ओतत, आणि कॅस्ट्रॉल या वंगणाच्या नावात इंग्रजीतला हा एरंडच आहे. विमानाच्या इंजिनाला जे मानवलं ते आखाड्यातल्या खांबाला आधीपासून मानवत होतं, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

आता दुसरा डबा. राळ म्हणून आपल्याकडे पूर्वापार सालाच्या झाडाचा डिंक ओळखला जाई. पण आज सर्वत्र मिळणारी पिवळसर, काचेसारखी ठिसूळ राळ बहुधा चिडाची असते. हिमालयाच्या उतारांवर चिडाच्या खोडाला खाच पाडून चीक गोळा करतात. तो उकळला की टर्पेंटाइन वाफ होऊन निघून जातं आणि मागे राळ राहते. बरेलीजवळ क्लटरबकगंजला स्वातंत्र्याच्या आधीपासून हा उद्योग होता. हिमाचलात नाहनला त्याचा मोठा कारखाना झाला. हीच राळ व्हायोलिनच्या आणि सारंगीच्या गजाला लावतात, बॅलेच्या नर्तकी बुटांच्या तळव्यांना लावतात. तिचे दोन गुण मल्लखांबपटूला उपयोगी. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणजे मुंबईच्या घामानं धुऊन जात नाही. आणि ती तेलात विरघळते. एरंडेल आणि राळ एकत्र आली की चिकट लेप तयार होतो. पूर्वीच्या चिकटपट्ट्यांचा मलम याच जातीचा असे.

इथे खांबावर काय घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. अढी घातलेला मुलगा उलटा लटकतो तेव्हा मांड्यांचा सगळा जोर अरुंद पट्टीवर येतो. तेलाचा थर तिथून दाबानं बाजूला सरतो आणि राळ लागलेली त्वचा लाकडाला चिकटते. तोच मुलगा फिरकी घेताना किंवा दसरंग करताना दाब सैल सोडतो. तेल पुन्हा मध्ये येतं, अंग घसरतं. थांबायचं की निसटायचं हे दाब ठरवतो, आणि दाब मुलगा ठरवतो. अढी, तेढी, बगली, वेल, सुईदोरा ही सगळी नावं म्हणजे तेल कुठे पिळून काढायचं आणि कुठे राहू द्यायचं याचेच वेगवेगळे हिशोब आहेत.

जगात दुसऱ्या एका ठिकाणी हाच पेच पडला होता, आणि ते ठिकाण बर्फाचं आहे. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात एकोणिसाव्या शतकात सोंद्रे नूरहाइम यांनी स्कीच्या लाकडी पट्ट्यांवर टाच मोकळी ठेवून वळायची रीत घडवली. त्या प्रदेशाच्या नावानंच ती ओळखली जाते. डोंगरात अशा पट्ट्यांवर चढायचंही असतं आणि उतरायचंही. तळ नुसता गुळगुळीत असेल तर चढावर पाय मागे सरकतो, नुसता खरबरीत असेल तर उतार वाया जातो. म्हणून पट्टीचा मधला भाग थोडा कमानदार ठेवतात आणि तिथेच पकडीचं मेण लावतात. पायाचा भार पडला की कमान दबते आणि मेण बर्फाच्या कणांना धरतं. भार उचलला की कमान वर येते आणि पट्टी घसरते. लाकडी पट्ट्यांना पाइनचं डांबर चोळायची पद्धत फार जुनी. ओल्या आणि गोठलेल्या बर्फासाठी पेटर ऑस्टबी यांनी १९१३च्या सुमारास क्लिस्टर नावाचं चिकट मेण काढलं. त्या घराण्यातल्या मेणांत पाइनची राळ महत्त्वाचा घटक आहे. म्हणजे नॉर्वेच्या बर्फात आणि पार्ल्याच्या मैदानात एकाच कुळातल्या झाडाचा चीक तेच काम करतो आहे, आणि दोन्हीकडे दाबच त्याला हुकूम देतो.

दोरीच्या मल्लखांबावर गणित थोडं बदलतं. मुळात वेताचा मल्लखांब होता. चांगला लांब वेत मिळेना तेव्हा सुती दोर आला. दोराला तेल चालत नाही. तिथे पायाच्या अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची पकड, आणि राळ. मुलींनी हा प्रकार फार उंचीवर नेला. मुंबईच्या हिमानी परबला २०२१ साठीचा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा या खेळाकडे अनेकांचं पहिल्यांदा लक्ष गेलं.

उपनगरांत हा खेळ का रुजला याचं उत्तर वस्तीच्या इतिहासात आहे. गिरगाव-दादरची मराठी कुटुंबं उत्तरेकडे सरकली तेव्हा शाळा, सभागृह आणि व्यायामशाळा ही त्रयी त्यांनी बरोबर नेली. पार्ले टिळक विद्यालय १९२१चं, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. दादरला शिवाजी पार्कावर श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ला सुरू झालं, आणि तिथूनच उदय देशपांडे यांनी मल्लखांब देशोदेशी पोचवला. २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक स्पर्धा त्याच शिवाजी पार्कात झाली. पार्ल्यात मुलं घडवणारे गणेश देवरुखकर यांना २०२३चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये पांढरी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी असते. ती मल्लखांबावर राळेची जागा का घेत नाही, असं नवशिक्यांचे पालक विचारतात. ती भुकटी घाम शोषते. तिचं काम कोरडेपणाचं आहे. तेलकट लाकडावर तिचा राडा होतो. राळ तेलाशी जमवून घेते, म्हणून ती टिकली आहे.

मात्र एक उणीव मला खुपते. बर्फावरच्या मेणाच्या प्रत्येक डबीवर कोणत्या तापमानाला ती चालेल ते छापलेलं असतं; हिरवं थंडीसाठी, निळं त्याहून कमी थंडीसाठी, लाल ओल्या बर्फासाठी. राळेच्या पुडीवर असं काही नसतं. जुलैत हवा ओलीचिंब असताना आणि खांब दमट असताना तेल किती पुसून घ्यायचं, मे महिन्यात राळ तळहातावरच मऊ होऊ लागली तर काय करायचं, डिसेंबरच्या सकाळी तेल घट्ट झालं तर किती वेळ चोळायचं, हे प्रशिक्षकांच्या हातांना कळतं. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे जिथे वर्ग चालतात तिथल्या शिक्षकांनी महिन्यागणिक ही प्रमाणं एका वहीत उतरवायला सुरुवात करावी. त्या वहीचं पहिलं पान जूनचं असावं, कारण सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती तेव्हाच.