देवळालीकरांचा वर्ग

मकबूल फिदा हुसेन साऱ्या जगाला ठाऊक आहेत, नारायण श्रीधर बेंद्रे कलारसिकांना. पण या दोघांना इंदुरात चित्रकला शिकवणारे दत्तात्रय दामोदर देवळालीकर आपल्यापैकी किती जणांना आठवतात?

होळकर संस्थानच्या काळात, १९२७ साली देवळालीकरांनी इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. ते स्वतः चित्रकार होते. पण त्यांचे नाव टिकले ते शिष्यांमुळे. आणि हे शिष्य एकासारखे एक नाहीत. बेंद्रे निसर्गचित्रांतून निघून सतत नव्या शैली शोधत राहिले. हुसेन यांच्या घोड्यांनी वेगळीच वाट धरली. दे. ज. जोशींनी माळव्याचे जनजीवन रंगवले. विष्णू चिंचाळकरांना वाळकी पाने अन् काटक्यांत आकृती दिसल्या. आपली छाप न मारता प्रत्येकाला त्याची नजर मिळू देणे, हीच या शिक्षकाची कमाई.

ती पुढेही गेली. १९५० साली बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला, तिथे बेंद्रे शिकवू लागले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख त्यांचे विद्यार्थी. चिंचाळकरांना तर सारे इंदूर ‘गुरुजी’च म्हणत असे.

आपल्या घराघरांत कुणी ना कुणी शिक्षक आहे. ‘इतकी वर्षे शिकवून काय मिळवले?’ असा प्रश्न त्यांना कधीतरी पडतोच. त्याचे उत्तर निवृत्तीच्या दिवशी मिळत नाही. ते शिष्यांच्या, आणि शिष्यांच्या शिष्यांच्या हातून मिळते. विद्या-कलांच्या अधिपतीपुढे यंदा हात जोडताना देवळालीकरांचेही स्मरण असू द्यावे.