कमी वेतन, दुसरे शहर : निर्णय घेण्यापूर्वी

मुंबईतील नोकरी सोडून नाशिकमध्ये कमी वेतनावर जावे का, हे केवळ वेतनाच्या आकड्यावरून ठरत नाही. घरभाड्यातील तफावत सरकारनेही मान्य केली आहे. २०१७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता मुंबईसाठी मूळ वेतनाच्या २४ टक्के, तर नाशिकसाठी १६ टक्के ठरला. मात्र मूळ वेतन घटले की सामान्यतः त्यावर १२ टक्के दराने जमा होणारा भविष्य निर्वाह निधीही घटतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षांची सेवा लागते. तिसऱ्या वर्षीच राजीनामा दिल्यास तिच्यावर पाणी सोडावे लागते. जोडीदाराची नोकरी सुटणार असल्यास तोही तोटा धरावा. महिनाअखेरची शिल्लक आणि निवृत्तीची पुंजी, दोन्ही आकडे शेजारी मांडूनच निर्णय घेणे श्रेयस्कर.